हे घर खरे आहे का?

माझी पुतणी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात राहते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी ती म्हणाली, "काका, आज तुम्हांला लिंकनचं गाव दाखवते." तिचा दहा वर्षांचा मुलगाही बरोबर निघाला. शहर मागे पडले आणि दोन्ही बाजूंना मक्याची व सोयाबीनची सपाट शेते सुरू झाली. तीसेक किलोमीटर गेल्यावर आम्ही मेनार्ड काउंटीत पोहोचलो. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. हा सारा भाग शेतीचा. मोठे शहर नाही, कारखान्यांची गर्दी नाही. सांगामन नावाची एक संथ नदी आहे आणि तिच्या काठी एक टेकडी आहे. त्या टेकडीवर न्यू सालेम हे गाव आहे.

गाव म्हटले खरे, पण तिथे कोणीही राहत नाही. एक मातीचा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना ओंडक्यांची बसकी घरे, दोन-तीन दुकाने, लोहाराचे शेड, खाणावळ, शाळा. दाराशी जुन्या पद्धतीचा पोशाख केलेल्या बायका आणि पुरुष उभे असतात. त्यांतल्या कोणी सूत कातून दाखवतात, तर कोणी लोखंड तापवून खिळे करून दाखवतात. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी या मुलखात वस्ती करायला आलेली माणसे कशी राहत होती, हे लोकांना कळावे म्हणून हे सारे मांडलेले आहे.

पहिल्याच घरात मुलाने मला विचारले, "आजोबा, अब्राहम लिंकन या घरात राहत होते?"

मी म्हणालो, "या घरात नाही. ते या गावात राहत होते. तेव्हाची घरं मोडून गेली. त्याच जागी तशीच घरं पुन्हा बांधली आहेत."

"म्हणजे हे घर खोटं आहे?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. पुतणी म्हणाली, "काका, त्याच्या नादी लागू नका, तो असंच विचारत राहतो." परंतु मला वाटते, जुने घर पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असाच हा प्रश्न आहे. पुढचे दोन तास मी त्याच प्रश्नाचा विचार करत हिंडलो.

आधी गावाची हकिकत सांगतो. १८२९ साली जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरॉन या दोघांनी हे गाव वसवले. त्यांनी नदीवर धरण घालून पाणचक्की बांधली. तिच्यावर धान्य दळले जाई आणि लाकडेही कापली जात. चक्कीमुळे आसपासचे शेतकरी येऊ लागले. शेतकरी आले म्हणून दुकान आले, दुकानाच्या मागोमाग लोहार, चांभार, टोप्या करणारा, लाकडी पिंपे करणारा असे कारागीर आले. पंचवीसएक घरांचे गाव झाले. हे ऐकून हसू नका. १८३३ साली शिकागोला नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या शिकागोची वस्तीही साडेतीनशेच्या आसपासच होती.

१८३१ च्या एप्रिल महिन्यात एक सपाट तळाची होडी माल घेऊन सांगामन नदीतून चालली होती. ती न्यू सालेमच्या धरणावर अडकली. होडीवर बावीस वर्षांचा एक उंच, सडपातळ मजूर होता. त्याने व त्याच्या सोबत्यांनी थोडा माल उतरवला, होडीच्या पुढच्या टोकाला भोक पाडून आत शिरलेले पाणी बाहेर सोडले आणि होडी पार केली. हा मजूर म्हणजे अब्राहम लिंकन. त्याच उन्हाळ्यात तो न्यू सालेमला राहायला आला आणि १८३७ पर्यंत तिथेच राहिला. दुकानात नोकरी केली, मग भागीदारीत स्वतःचे दुकान काढले. ते बुडाले. पुढे भागीदारही मरण पावला आणि कर्जाचा सगळा बोजा एकट्या लिंकनच्या डोक्यावर आला. कर्जापायी जमीन मोजण्याची त्याची उपकरणे लिलावात निघाली. एका शेजाऱ्याने ती विकत घेतली आणि परत त्याच्याच हाती दिली. १८३२ ची निवडणूक तो हरला, १८३४ ची जिंकला. मधल्या काळात गावाचा पोस्टमास्तर झाला. तेव्हा टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा देत असे. एका कागदाच्या पत्राला तीस मैलांपर्यंत सहा सेंट आणि चारशे मैलांच्या पुढे पंचवीस सेंट पडत. पत्राला दोन कागद असले की दुप्पट. त्यामुळे लोक पत्र लिहिताना एकाच कागदावर होईल तेवढे लिहून घेत.

लिंकन गेला आणि गावही गेले. त्याचे कारण लिंकन नव्हे, नदी. १८३२ च्या वसंतात 'टॅलिस्मन' नावाची आगबोट या नदीतून वर आली, तेव्हा लोकांना वाटले, आता आपले गाव बंदर होणार. पण पाणी ओसरू लागले. परत जाताना बोटीला वाट द्यायला न्यू सालेमच्या धरणाचा काही भाग तोडावा लागला. नदी उथळ होती, तिथे बोटी चालणे शक्य नव्हते. पुढे जवळच पीटर्सबर्ग गाव उभे राहिले. त्याची मोजणी लिंकननेच केली होती. १८३९ साली मेनार्ड ही नवी काउंटी झाली आणि तिचे मुख्य ठिकाण पीटर्सबर्ग ठरले. मग न्यू सालेमला कोण राहणार? लोक निघून गेले, काहींनी घराचे ओंडकेसुद्धा सोडवून नेले. १८४० च्या सुमारास टेकडी ओस पडली. उरले ते तळघरांचे खड्डे आणि त्यांवर वाढलेले गवत.

१९०६ साली वृत्तपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी ही जागा विकत घेतली. १९१९ मध्ये ती इलिनॉय राज्याच्या ताब्यात आली. १९३० नंतरच्या दहा वर्षांत राज्याने गाव पुन्हा उभे केले. तो काळ अमेरिकेत भयंकर मंदीचा होता, लाखो तरुण बेकार होते. सरकारने त्यांची पथके करून त्यांना जंगल, उद्याने, रस्ते यांच्या कामाला लावले होते. त्यांपैकीच तरुणांनी न्यू सालेमची बरीचशी घरे बांधली. मनाला येईल तशी नव्हे. आधी खड्डे उकरून पाये शोधले, जमिनीची जुनी कागदपत्रे तपासली, गावात राहून गेलेल्यांच्या आठवणी जुळवल्या आणि कोणाचे घर कुठे होते हे ठरवले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पडलेले गाव असे पुन्हा बांधावे की नाही? पुष्कळ जाणते लोक म्हणतात, बांधू नये. जे उरले तेवढेच जपावे. पडके जोते पडकेच ठेवावे, पाहणाऱ्याने बाकीचे मनाने रचावे. नवे घर जुन्यासारखे करून उभे करणे म्हणजे नाटकातला पडदा. एके काळी माझेही मत असेच होते.

ते बदलले तिथल्या लोकर पिंजण्याच्या गिरणीत. आपल्याकडे पिंजारी धनुकलीने कापूस पिंजतो, ते तुम्ही पाहिले असेल किंवा घरात ऐकले असेल. न्यू सालेममध्ये लोकर पिंजायला बैल लावत. गिरणीत एक भले मोठे लाकडी चाक आहे, जमिनीला तिरके बसवलेले. बैलांना त्या चाकावर चढवायचे. बैल चढाने चालू लागतात, पण पुढे जात नाहीत. त्यांच्या पायांखालचे चाकच मागे सरकत राहते. त्या चाकाला लाकडी दाते, दात्यांना दुसरे चाक, त्याला पट्टा, आणि पट्ट्यावर लोकर विंचरणारे काटेरी रूळ फिरतात. आम्ही गेलो त्या दिवशी बैल नव्हते. तरी मुलगा त्या चाकाभोवती तीन वेळा फिरला, खाली वाकून दाते पाहिले आणि म्हणाला, "बैलांना कळत नसेल का, आपण कुठंच जात नाही ते?" हा प्रश्न गवताने भरलेल्या खड्ड्यापुढे उभे राहून कोणाला सुचला असता? मला तरी सुचला नसता. अभ्यासकाला पाया पुरतो. दहा वर्षांच्या मुलाला, आणि खरे सांगायचे तर माझ्यासारख्यालाही, चाक लागते.

घरांचेही तसेच. ओंडक्यांचे घर कसे बांधतात हे मी पुस्तकात वाचले होते. ओंडका कुऱ्हाडीने तासायचा, टोकांना खाचा पाडायच्या, खाचेत खाच बसवत भिंत उचलायची. खिळा जवळजवळ नाहीच, कारण लोखंड महाग. दोन ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या ढलप्या आणि चिखल घालून बुजवायच्या. छपराला फाडलेल्या लाकडाच्या फळ्या. काही घरांचे धुराडेदेखील काटक्या आणि मातीचेच असे. त्याला आग लागली तर ते ढकलून घरापासून दूर पाडता यावे म्हणून लोक तयारीत असत. हे सर्व ठाऊक असूनही त्या घरात शिरल्यावर मला पहिल्यांदा कळले ते निराळेच. आत किती अंधार असतो! एकच खोली, एक-दोन लहान खिडक्या. त्याच खोलीत आई-बाप, सहा-सात मुले, चूल, माग, अंथरूण, पाहुणा. मोठी माणसे कोणत्या परिस्थितीतून वर आली, हे आपण निबंधात सहज लिहून टाकतो. त्या खोलीत दहा मिनिटे बसल्यावर ते वाक्य लिहायला हात कचरतो.

म्हणून माझे मत असे आहे, की गाव पुन्हा बांधले यात गैर काही नाही. गैर होते ते, नव्याला जुने म्हणून दाखवण्यात. न्यू सालेममध्ये विचारले की स्पष्ट सांगतात, हे घर त्या जागी नव्याने बांधले आहे. त्यामुळे मुलाच्या प्रश्नाला मी शेवटी उत्तर दिले, "हे घर नक्कल आहे, पण खोटं नाही. खोटं तेव्हा होतं, जेव्हा कोणी नकलेला अस्सल म्हणतो."

अस्सल म्हणून पुजलेली नक्कल कशी असते, तेही लिंकनच्याच बाबतीत पाहायला मिळते. लिंकनचा जन्म १८०९ साली केंटकी राज्यात झाला. तिथे त्याच्या जन्मस्थानी ग्रॅनाइटचे एक भव्य स्मारक आहे. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याची कोनशिला बसवली आणि १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. लिंकन छप्पन्न वर्षे जगला, म्हणून स्मारकाला छप्पन्न पायऱ्या आहेत. आणि आत, संगमरवरी देवळात मूर्ती ठेवावी तशी, ओंडक्यांची एक झोपडी ठेवली आहे. लिंकन याच झोपडीत जन्मला असे अनेक वर्षे सांगितले जाई. लोक टोप्या काढून तिच्यासमोर उभे राहत. मग २००४ साली लाकडातील वाढीची वर्तुळे मोजून परीक्षा झाली. त्या झोपडीतला सर्वांत जुना ओंडका १८४८ सालचा निघाला! म्हणजे लिंकन त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा होता. आता तिला 'प्रतीक म्हणून ठेवलेली झोपडी' म्हणतात. ते प्रामाणिकपणाचे आहे. पण इतकी वर्षे ज्यांनी डोळे भरून ती पाहिली, त्यांना कोणी काय सांगायचे?

आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. लिंकनने आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून एक पत्र महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर चौकटीत लावलेले आहे. मीही ते शाळेत तोंडपाठ केले होते आणि बक्षीस मिळवले होते. पत्रातले विचार चांगले आहेत. परंतु लिंकनची पत्रे, भाषणे, टिपणे असे सारे लेखन विद्वानांनी गोळा करून छापलेले आहे आणि त्यात हे पत्र नाही. ते लिंकनने लिहिले असा पुरावा कोणीही दाखवू शकलेले नाही. ते भिंतीवरून काढा असे मी म्हणत नाही. खालचे नाव मात्र काढावे. चांगला विचार कोणाच्याही नावावाचून चांगलाच राहतो. तसा राहणार नसेल, तर तो विचार आपल्याला पटला नव्हता, फक्त नाव आवडले होते.

न्यू सालेमबद्दल माझी एक तक्रारही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. गाव फार स्वच्छ आहे. रस्ता झाडलेला, कुंपणे सरळ, अंगणात औषधी वनस्पतींचे वाफे. खरे गाव असे नव्हते. डुकरे मोकळी हिंडत, पावसात गाडीची चाके चिखलात रुतत. नदीकाठच्या या मुलखात हिवतापाने माणसे महिनोन्‌महिने कुडकुडत पडत. दुधाचा एक विचित्र आजार होता. गाईने विशिष्ट रानटी झाड खाल्ले की तिचे दूध विषारी होई. ते पिऊन वस्तीच्या वस्ती आजारी पडे. लिंकनची आई १८१८ साली इंडियाना राज्यात याच आजाराने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. घर पुन्हा बांधता येते, दुर्गंधी आणि ताप पुन्हा आणता येत नाही, आणूही नये. पण त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, काय सुखाचे दिवस होते ते! चुलीपाशी सूत कातणारी हसरी बाई पाहून आपण छायाचित्र काढतो. ती संध्याकाळी मोटारीत बसून आपल्या घरी जाणार असते, हे विसरतो.

आणखी एक गोष्ट त्या रस्त्यावर दिसत नाही. ती स्वच्छतेपेक्षा फार मोठी आहे. अशा गावांना तिकडे 'पहिल्या वसाहतकऱ्यांची गावे' म्हणतात. पहिले कसे? त्याआधी या भागात किकापू लोक राहत होते. १८१९ च्या करारात त्यांना इलिनॉयमधील आपल्या जमिनी सोडून द्याव्या लागल्या. न्यू सालेम वसले त्याच्या अवघी दहा वर्षे आधी. १८३२ साली सॉक लोकांचा म्हातारा पुढारी ब्लॅक हॉक बायका-मुलांसह हजाराहून अधिक माणसे घेऊन आपल्या जुन्या भूमीकडे परत आला. त्याला हुसकण्यासाठी सैन्य जमवले गेले. न्यू सालेमचे तरुणही गेले आणि त्यांनी लिंकनला आपला कप्तान निवडले. लिंकनला प्रत्यक्ष लढाई करावी लागली नाही. मात्र त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी नदी ओलांडून पळू पाहणाऱ्या त्या लोकांपैकी कित्येकांना, स्त्रिया आणि मुलांनाही, काठावर आणि पाण्यात मारण्यात आले.

न्यू सालेमच्या घरांच्या रांगेत किकापूंचे घर नाही. कोणी म्हणेल, त्या गावात ते राहतच नव्हते, मग कसे असेल? बरोबर आहे. गाव जसे होते तसे बांधायचे, तर तिथे त्यांचे घर बांधणे हीही लबाडीच होईल. पण ते घर का नाही, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? बांधलेल्या घरांकडे पाहताना न बांधलेल्या घरांची आठवण ठेवणे पाहणाऱ्याच्या हातात असते. ओंडक्याला पाडलेली खाच पाहून कारागिराचे कौतुक करावे, आणि तो ओंडका ज्या रानातून आला ते रान आधी कोणाचे होते, हेही विचारावे. एकामुळे दुसरे उणे होत नाही.

एक गंमत परतताना लक्षात आली. खरे न्यू सालेम जेमतेम अकरा-बारा वर्षे नांदले. त्याची नक्कल मात्र ऐंशी वर्षांहून अधिक काळ उभी आहे. आता या नकलेचीच दुरुस्ती करावी लागते. जमिनीला टेकलेला ओंडका ओल धरतो, खालून कुजतो, फटीतली माती गळते, छपराच्या फळ्या बदलाव्या लागतात. मूळ रहिवाशांना ही काळजी नव्हती. घर कुजायच्या आतच ते सोडून गेले होते! ही घरे कोणी पाहायलाच गेले नाही, तर दुरुस्तीला पैसा कोण देईल? त्यामुळे जावे, तिथल्या माणसांशी बोलावे, प्रश्न विचारावेत. कारागिराला प्रश्न विचारलेले आवडतात. लोहाराशी मुलगा पाऊण तास बोलत बसला होता, त्याला तिथून उठवताना आम्ही थकलो.

शेवटी आम्ही रस्त्याच्या कडेला असलेल्या एका लहानशा इमारतीपाशी आलो. हेन्री ऑनस्टॉट नावाच्या पिंपे करणाऱ्याचे हे दुकान. रात्री इथल्या लाकडाच्या ढलप्या पेटवून त्यांच्या उजेडात लिंकन वाचत बसे, असे सांगतात. मुलगा आता सवयीने विचारू लागला होता.

"हेही पुन्हा बांधलेलं?"

"नाही. त्या काळातलं एवढंच एक उरलं आहे. १८३५ सालचं."

त्याने भिंतीला हात लावला, मग हात मागे घेतला, मग पुन्हा लावला.

"मग हे एकटंच कसं राहिलं इथं?"

"इथं नव्हतं राहिलं. गाव उठलं तेव्हा हे दुकानही उचलून पीटर्सबर्गला नेलं. १९२२ साली परत आणून इथं ठेवलं."

"म्हणजे हे दुकान ऐंशी वर्षं गावाला गेलं होतं?"

"हो, तीन किलोमीटरवर," मी म्हणालो.